खुडूक कोंबडीची बाजू

कोंबडी खुडूक बसली की घरात दोन मतं पडतात. अंड्यांचा हिशेब ठेवणारी सून म्हणते, अंडी थांबली, हिला उठवा. सासूचं म्हणणं असतं, दसऱ्याच्या आत पिल्लं निघाली तर संक्रांतीनंतर तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, हाताशी येतील, तेव्हा बसू दे तिला. या वादात अलीकडे सुनेची बाजू वरचढ ठरत आली आहे, कारण छापील सल्ला सगळा तिच्या बाजूचा आहे. खुडूकपणा मोडायचा कसा, हे कोंबडीपालनाच्या बहुतेक पुस्तकांत सापडतं. तो कामाला लावायचा कसा, हे क्वचितच कुणी लिहितं. ही पुस्तिका सासूच्या बाजूने लिहिलेली आहे. ती बाजू भावनेची नाही, हिशेबाचीच आहे. फक्त हा हिशेब अंड्यांवर संपत नाही, जगलेल्या पिल्लांपर्यंत जातो.

पुस्तिकेची पाळंमुळं गडमुडशिंगीतली आहेत. करवीर तालुक्यातलं हे गाव कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटलेलं. एका अंगाला विमानतळाचं कुंपण, जवळच गांधीनगरची कापडपेठ, पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि गावातच गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना. शेतात ऊस, दारात म्हैस. अशा गावात पाच-सहा कोंबड्यांचं पोट भरायला वेगळं काही विकत आणावं लागत नाही. दावणीखाली सांडलेलं खाद्य, उकिरड्यातले किडे-अळ्या, शेणात राहिलेले दाणे, घरातली कणी आणि उरलेली भाकरी, यावर त्या जगतात आणि अंडीही देतात. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. म्हशीची सरकी पेंड कोंबड्यांनी फार खाल्ली, तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. अंडं बिघडलं असं वाटून बायका ते फेकून देतात. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याचा तो परिणाम. पेंडीची पाटी झाकून ठेवली की काम भागतं.

शहर जसं गावाकडे सरकतंय, तशी परडी आक्रसत चालली आहेत. घराच्या मागे न्हाणीचं पाणी, शेवग्याचं झाड आणि उकिरडा असायचा, तिथे आता शेजारच्याची भिंत आली. तरीही कोंबड्या गेलेल्या नाहीत. देशपातळीवरचे आकडेही हेच सांगतात. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत भारतात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांपैकी परसातली साधारण ३१ कोटी ७० लाख होती, आणि आधीच्या गणनेपेक्षा ही परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यावसायिक पोल्ट्रीची वाढ त्या मानाने फारच थोडी, पाच टक्क्यांच्याही आत. म्हणजे परड्यातली कोंबडी संपत आली, हा शहरी समज खरा नाही. काळजी वेगळीच आहे. वाढलेल्या या कोंबड्यांमध्ये रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसणाऱ्या किती, याचा रकाना गणनेत नाही, आणि गावात विचारलं तर पूर्वी दर घरी एखादी बसायची, आता गल्लीत एखादी, असं उत्तर मिळतं.

असं का झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. रानातली कोंबडी अंडी घालते ती पिल्लांसाठी. अंड्यांचा पुंजका पुरा झाला की थांबते आणि बसते. आपल्या पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो आपल्याकडचा नव्हे, उत्तर आणि पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांतला. पण सह्याद्रीचाही वाटा या रक्तात आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. हा राखी रानकोंबडा भारताबाहेर कुठेच नसतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात त्याची बांग आजही ऐकू येते. जगभरच्या पोल्ट्रीतल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या आपल्या घाटातल्या पाखराचं देणं अंगावर वागवतात, हे मला फार मोलाचं वाटतं. कोंबडी ही आपल्याला बाहेरून पुरवली जाणारी वस्तू नाही, इथल्या मातीशी तिचं जुनं नातं आहे, हे त्यातून ध्यानात येतं.

अंड्यांचा धंदा उभा राहिला तेव्हा बसणारी कोंबडी अडचणीची ठरली. बसली की एकवीस दिवस अंडं नाही, पुढे पिल्लांमागे दोन महिने नाही. पैदाशीत पिढ्यान्‌पिढ्या अशा कोंबड्या बाजूला काढत गेले आणि व्हाइट लेगहॉर्नसारखी, बसणं जवळपास विसरलेली जात तयार झाली. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढे पुणे हे देशाच्या पोल्ट्रीचं मोठं केंद्र झालं. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी कोंबडी सामान्य झाली आणि अंडं गरिबाच्या ताटात आलं. या कामाचं मोल कमी लेखणं हा कृतघ्नपणा होईल. पण पिंजऱ्यातल्या दहा हजार कोंबड्यांसाठी जे खरं आहे, ते परड्यातल्या सहा कोंबड्यांवर जसंच्या तसं लादलं गेलं, तिथे चूक झाली. पोल्ट्रीवाल्याची पिल्लं हॅचरी काढते, ऊब विजेचा ब्रूडर देतो, खाद्य कारखाना देतो. परड्यात ही तिन्ही कामं एकटी खुडूक कोंबडी करते. तिला दोष म्हणून काढून टाकलं की या तिन्ही कामांसाठी घरधनिणीला बाजारात जावं लागतं.

आता ती बसते तेव्हा नेमकं काय होतं ते पाहू. आपली गावरान कोंबडी बारा ते पंधरा-अठरा अंडी घालते आणि थांबते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. ती अंड्यांवरून उठत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, हाताला टोच मारते. तिला अलगद उचलून पोटाखाली पाहिलं तर छातीची पिसं गळून उघडी पडलेली कातडी दिसते. हात लावला तर ती कढत लागते. पिसं ऊब अडवतात म्हणून निसर्गाने तिथली पिसं काढून टाकलेली असतात, आणि त्या कातडीतला रक्तपुरवठाही वाढलेला असतो. अंडं थेट कातडीला लागतं. दिवसातून बहुधा एकदाच ती उठते, पंधरा-वीस मिनिटं दाणा-पाणी करते, एक भलीमोठी घाण वासाची विष्ठा टाकते, धुळीत अंग घुसळते आणि परत जाते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते विष्ठा पाहून घाबरतात, कोंबडी आजारी पडली समजतात. घरट्यात घाण होऊ नये म्हणून तिने दिवसभर रोखून धरलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

अंडी ती सारखी हलवत असते. चोचीने कडेचं अंडं आत ओढते, आतलं बाहेर सारते. कृत्रिम उबवणी यंत्रात अंडी फिरवायला मोटर लावावी लागते ती याचसाठी. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला गर्भ कवचाला चिकटतो. यंत्रात उष्णता साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअस ठेवायची, दमटपणा राखायचा, शेवटच्या तीन दिवसांत तो वाढवायचा, अंडी फिरवणं बंद करायचं, वीज गेली तर धावाधाव करायची. कोंबडीला यातलं काही शिकवावं लागत नाही. शंभर अंडी उबवायची असतील तर यंत्र घ्यावं, त्याला माझी हरकत नाही. बारा अंड्यांसाठी मात्र कोंबडीइतकं बिनधोक काही नाही.

माणसाचं काम बसवण्याआधीचं आहे, आणि तिथेच बहुतेक रवणी फसतात. दुकानातलं अंडं उबत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, अंडं फळलेलं नसतं. पण घरचं अंडंही प्रत्येक वेळी उबतंच असं नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला, पायाने धड कोंबडा हवा. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचीच. साठवताना निमुळतं टोक खाली, आणि जागा गार. जुन्या बायका मडक्यात ओली वाळू घालून वर फडकं टाकून अंडी ठेवतात. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. साधारण पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर अंड्यात गर्भाची हालचाल सुरू होते, पण ती पुरी व्हायला लागणारी ऊब नसते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली अंडी अशी अर्धवट चाळवतात आणि मरतात. मग कोंबडीच्या अंगाखाली गेली की सडतात, आणि दोष कोंबडीच्या माथी येतो.

कोंबडीने वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी कशी फुटतात, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. याचं उत्तरही त्याच उबेत आहे. ती बसत नाही तोवर कोणतंच अंडं नीट सुरू होत नाही. बसली की सगळी एकदम सुरू होतात. म्हणूनच रवणीवर बसलेल्या कोंबडीच्या पाटीत दुसरी कोंबडी रोज अंडं घालून जाऊ लागली तर घोटाळा होतो. पहिली पिल्लं निघाल्यावर आई उठते आणि उशिराची अंडी अर्ध्यावर थंड पडतात. बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढायची, रोज एकदा पाहायचं, बिनरेघेचं अंडं दिसलं की काढून घ्यायचं. एवढं केलं तरी पुष्कळ.

बसवण्याची जागा अंधारी, कोरडी आणि मांजर-मुंगूस पोहोचणार नाही अशी हवी. बांबूच्या बुट्टीत तळाला चाळलेली राख, वर पिंजर, मध्ये किंचित खळगा. राखेने उवा-पिसवा कमी राहतात. हे साधं वाटतं, पण उवांनी बेजार झालेली कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी अंडी टाकून उठते, आणि आपण म्हणतो, हिला बसायचा कंटाळा आला. काही घरांत पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. मी त्याला विरोध करत नाही, फक्त लोखंडाबरोबर राखही घाला म्हणतो. कोंबडी जागेवरून हलवायची असेल तर रात्रीच हलवावी. दिवसा हलवली तर ती जुन्या जागी परत जाऊन रिकाम्या कोपऱ्यात बसते.

सातव्या-आठव्या रात्री अंडी उजेडाला धरून पाहावीत. पूर्वी कंदिलापुढे हाताची पोकळी करून पाहत, आता मोबाइलचा टॉर्च पुरतो. फळलेल्या अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात. वांझ अंडं लख्ख राहतं. गडमुडशिंगीतल्या एका आक्कांनी अशा रात्री टॉर्चवर धरलेलं अंडं जवळ बसलेल्या नातीला दाखवलं आणि म्हणाल्या, "हालू नगंस, त्यो बघ जीव." मुलीने श्वास रोखून पाहिलं. ठिपका खरंच हलत होता. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. तेव्हापासून आतून चिवचिव ऐकू येते, आणि कोंबडी वरून हलक्या आवाजात उत्तर देते. जन्माआधीच आई-पिल्लाची बोलाचाल सुरू झालेली असते. मग चोचीवरच्या छोट्या टणक दाताने कवचाला पहिलं भोक पडतं. त्यानंतर पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी चोवीस तासही लागतात. याच वेळेला माणसाचा हात शिवशिवतो. कवच सोलून मदत करायची घाई करू नये. पिल्लू त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या पडद्यातलं रक्त परत अंगात घेत असतं. मध्येच सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं. आत ओढलेल्या त्या बलकावर ते दोन दिवस काही न खाता-पिता तग धरतं. हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून एसटीने गावोगाव जाऊ शकतात ती याच शिदोरीवर. आणि याच शिदोरीमुळे कोंबडी पहिलं पिल्लू निघाल्यावरही शेवटचं निघेपर्यंत धीराने बसून राहू शकते.

पुढचे आठ आठवडे हा या पुस्तिकेचा गाभा आहे, आणि आई असणं म्हणजे काय याचा धडा मला तरी इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे पस्तीस अंशांची ऊब लागते, नंतर दर आठवड्याला थोडी कमी. ब्रूडरमध्ये बल्ब वर-खाली करून हे साधावं लागतं. कोंबडी पंखाखाली घेते. ज्याला थंडी वाजते ते आत शिरतं, ज्याला उकडतं ते मुंडकं बाहेर काढतं. पायाने माती उकरून दाणा दिसला की ती तो चोचीत धरते, खाली टाकते, विशिष्ट आवाजात बोलावते. ब्रिस्टल विद्यापीठात क्रिस्टीन निकोल यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग केला. कोंबड्यांना एका रंगाचं खाद्य चांगलं आणि दुसऱ्या रंगाचं वाईट असं आधी शिकवलं. मग पिल्लं त्या 'वाईट' रंगाचं खाद्य खाताना आईला दिसली, तेव्हा तिने चांगल्या खाद्यावर जोराने टोचे मारून, माती उकरून त्यांचं लक्ष तिकडे वळवायचा प्रयत्न वाढवला. त्याच विद्यापीठात २०११ मध्ये आणखी एक अभ्यास झाला. पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, एवढ्यानेच त्यांच्या आईच्या काळजाचे ठोके वाढले, ती सावध झाली, पिल्लांना बोलावू लागली. ज्यांनी डालग्याशेजारी बसून कोंबडी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तरी ते मोजून, लिहून ठेवलं गेलं याचं समाधान आहे.

घारीची हाक आणि मांजराची हाक कोंबडीच्या भाषेत वेगळी असते. आकाशातून धोका असेल तर एक आवाज, आणि पिल्लं जिथे असतील तिथे आडोशाला दबून बसतात. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आलं तर दुसरा आवाज, लांबलेला, आणि कोंबडी स्वतः पुढे होते. गडमुडशिंगीच्या परड्यांवरून विमानं खाली उतरतात. नव्या पिल्लांच्या आईला पहिले काही दिवस त्याचाही दचका बसतो, मग ती सरावते. घारीला मात्र ती कधीच सरावत नाही. यंत्रात निघालेल्या, आईविना वाढलेल्या पिल्लांना ही भाषा शिकवायला कुणी नसतं. उघड्या परड्यात सोडल्यावर ती आधी घारीच्या तोंडी जातात. सरकारी योजनेतून आणलेली पिल्लं 'जगत नाहीत' अशी तक्रार बायका करतात, तिचं एक कारण हे आहे.

म्हणून मला सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो दोन्हींच्या मेळावर. कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. राज्यात अशी केंद्रं पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरलाही आहेत. तिथे एक दिवसाची पिल्लं आणि उबवणुकीची अंडी मिळतात. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित पक्ष्यांची अंडी गावरान कोंबडीखाली बसवता येतात. किंवा ती काही दिवस वांझ अंड्यांवर बसलेली असताना रात्रीच्या अंधारात अंडी काढून एक-दोन दिवसांची पिल्लं तिच्या पंखाखाली सारता येतात. सकाळी ती त्यांना आपली म्हणून उठते. एक सावधगिरी हवी. हे सुधारित पक्षी संकरातून तयार झालेले आहेत. त्यांची पुढची पिढी घरी वाढवत गेलात तर ती आई-बापासारखी निघत नाही, कुणी मोठं, कुणी खुजं, कुणी अंड्याला कमी. अंड्यांसाठी सुधारित पक्षी ठेवावेत, पण बियाणं गावरानच राखावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणारी, पण दोनदा बसून पिल्लं वाढवणारी कोंबडी परड्यात एक तरी हवीच.

आता मरीबद्दल, कारण सगळा हिशेब तिथे बुडतो. मानमोडी आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं. भारतात हा रोग कुमाऊंमधल्या रानीखेतला ओळखला गेला, म्हणून त्याला रानीखेत म्हणतात. बाहेर तोच न्यूकॅसल. आईला लस दिलेली असेल तर तिच्या रक्तातलं संरक्षण बलकातून पिल्लात उतरतं, पण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, पुढे पुन्हा एकदा, आणि दोन महिन्यांची झाली की आर-टू-बी ही लस. लस महाग नाही. अडचण अशी की कुपी किमान शंभर डोसांची येते, फोडल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते, आणि बर्फात आणावी लागते. बारा पिल्लांसाठी कुणी शंभरची कुपी फोडत नाही, म्हणून कुणीच लस देत नाही.

यावरचा उपाय पुन्हा खुडूक कोंबडीनेच सुचवला आहे. एका गल्लीत चार-पाच कोंबड्या मागेपुढे खुडूक बसतात. ज्या आधी बसल्या त्यांना चार-सहा दिवस वांझ अंड्यांवर थोपवून धरायचं, आणि सगळ्यांची खरी अंडी एकाच दिवशी ठेवायची. एकविसाव्या दिवशी गल्लीभर पिल्लं निघतात, सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी एक जण थर्मासात बर्फ घालून कुपी आणते, आणि दुपार व्हायच्या आत पन्नास-साठ पिल्लांच्या डोळ्यात थेंब पडलेला असतो. या पुस्तिकेतून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. वाचणाऱ्या पिल्लांची संख्या वाढवायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

बाकी काळजी रोजची आहे. पाण्याचं भांडं उथळ, आत खडे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आई डालग्याखाली, पिल्लं डालग्याच्या फटींतून आत-बाहेर. बारीक कणी, जोंधळ्याचा भरडा, जमेल तेव्हा उधईचं वारूळ फोडून आणलेली माती. पिल्लाला प्रथिन लागतं आणि उधईइतकं सोपं प्रथिन नाही. जमीन ओली राहू देऊ नये, नाहीतर तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण लागते. म्हणून भर पावसात रवण बसवणं टाळावं. ऊसतोड सुरू झाली की फडातली मुंगसं गावाकडे येतात, त्या दिवसांत खुराड्याची कडी दोनदा पाहावी. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीबरोबर आसपासच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. गावरान बियाणं एकदा असं गेलं की विकत मिळत नाही.

सुनेच्या बाजूलाही थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. प्रत्येक कोंबडीला प्रत्येक वेळी बसू द्यायची गरज नाही. उन्हाळ्याच्या काहिलीत बसलेली कोंबडी उठवलेली बरी. पण त्यासाठी तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवणं किंवा तिला पाण्यात बुचकळणं हे क्रूर आहे, थांबलं पाहिजे. तळाला जाळी असलेल्या खोक्यात, खालून वारा लागेल असं उंचावर, दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की पोटाची ऊब उतरते आणि ती आपोआप सावरते.

आणि पैशाचं. पोल्ट्रीच्या अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लाला किंमत नसते; रस्त्याच्या कडेला गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून मुलांना विकली जाणारी पिल्लं बहुधा हीच नकोशी झालेली नर पिल्लं. परड्यात मात्र नर वाया जात नाही. आषाढाच्या जत्रांच्या दिवसांत गावरान कोंबड्याला बोलू ती किंमत मिळते. माद्या राखायच्या, नर विकायचे, अंडी घरातल्या पोरांना. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो, तिला त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर निम्म्या अनुदानावर मिळतात, तो गट जरूर घ्यावा. पण त्या गटाची दुसरी पिढी तुमच्या परड्यात कोण वाढवणार, हे आधी ठरवावं.

तेव्हा यंदा पाऊस ओसरल्यावर तुमच्या परड्यातली कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, तर तिला बाजारची वाट दाखवू नका. शेजारी विचारा, आणखी कुणाची बसली आहे. ताजी बारा अंडी निवडा, कोळशाने रेघ ओढा, कॅलेंडरवर तारीख लिहा, आणि लशीची कुपी कुठून आणायची ते त्याच दिवशी ठरवा. कोणत्या दिवशी काय करायचं ते पुढच्या पानांत ओळीने दिलं आहे.